व्याजाचे गणित आपल्या बाजूस वळवा

(दारव्हा येथे कास्तकार व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



संपत्ती वाढवावी कशी, हा आजचा विषय आहे असे कळताच एका वडीलधाऱ्या कास्तकाराने आम्हांस सभेपूर्वीच सुनावले, की ज्याच्या घरी शिल्लक आहे त्याला हे सांगा; आमच्या घरी शिल्लक आहे ती कर्जाची. हे बोलणे आम्ही मनावर घेतले आहे. त्याला उत्तर देता आले नाही तर आम्ही येथे उभे राहण्यात काही अर्थ नाही. म्हणून शेअर, फंड, पोस्ट यांच्या गोष्टी मागाहून सांगू. आधी कर्जाचे बोलू.

व्याज हे पाण्यासारखे आहे. धुऱ्याला खिंडार ज्या बाजूस पडले असेल त्याप्रमाणे ते एकाचे वावर भिजविते आणि दुसऱ्याची माती खरडून नेते. पाणी तेच, पाऊसही तोच. आमच्या आज्यापणज्यांच्या काळी हे खिंडार सदा सावकाराच्या वावराकडे होते. पेरणीला सवाईने दाणे आणायचे, म्हणजे एका खंडीची सव्वा खंडी द्यायची. वर्षाला सवाई या दराने हजार रुपये कोणी दहा वर्षे फेडले नाहीत, तर त्यांचे 9,313 होतात. पहिल्या वर्षी अडीचशेच वाढतात, म्हणून कुणबी म्हणतो, होईल काहीतरी. दहाव्या वर्षी त्याच खात्यावर एका सालात अठराशेहून अधिक चढतात. सावकार काही दहाव्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त कष्ट करीत नव्हता. तो फक्त बसून होता. व्याजावर व्याज चढते ते असे.

1875 सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी आणि मग भोवतालच्या गावोगाव रयत उठली, तेव्हा लोकांचा मुख्य रोख कशावर होता? सावकाराच्या घरातील रोख्यांवर आणि खतांवर. अडाणी म्हणून हिणवलेल्या त्या माणसांना हे बरोबर कळले होते, की आपले वावर नांगराने गेले नाही, कागदाने गेले. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यातही हेच दुखणे आहे. कागद वाचता येत नाही म्हणून दुसरा वाचून दाखवील ते खरे मानायचे आणि अंगठा द्यायचा. आज आपली पोरे शिकली. पण किती घरांत कर्जाचा कागद अंगठ्यापूर्वी, सहीपूर्वी, वाचला जातो? आम्ही विचारून पाहिले आहे, म्हणून हा प्रश्न करितो.

आणि हे दुखणे पुण्याकडचे नव्हे, आपल्याच उंबऱ्यातले आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका कास्तकार कुटुंबाने, नवरा, बायको आणि चार लेकरे अशा सहा जणांनी, 19 मार्च 1986 रोजी आपला जीव दिला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आता दरसाल 19 मार्चला लोक अन्नत्याग करितात. 2006 साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींची योजना जाहीर झाली. 2008 मध्ये कर्जमाफी झाली, 2017 मध्ये झाली, 2019 मध्ये जोतीरावांच्याच नावाने झाली. ज्यांचे ओझे उतरले त्यांचे उतरले, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण माफीने बँकेचे खाते कोरे होते. खाजगी सावकाराकडील खाते तसेच राहते, आणि घरात भांडवल म्हणून एक पैसा उभा राहत नाही.

आता हिशेब ऐका. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज तीन लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची व्याज सवलत योजना धरून कास्तकाराला व्याज शून्य पडते. हे 2021 पासून आहे. इतके स्वस्त भांडवल मुंबईच्या गिरणीवाल्यालाही कोणी देत नाही! आणि त्याच गावात, जुने कर्ज थकले म्हणून बँकेने दारातून परतविलेला माणूस महिना शेकडा तीनने, कोठे शेकडा पाचने पैसा उचलतो. महिना शेकडा तीन म्हणजे दहा हजारांवर महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे. आणि न फेडता चढू दिले तर पाच वर्षांत त्या दहा हजारांचे 58,916.

म्हणून त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आमचे पहिले उत्तर असे. दहा हजार रुपये हातात आले आणि ते पोस्टात ठेवले, तर वर्षाला सातशे-साडेसातशे मिळतील. तेच दहा हजार शेकडा तीनच्या कर्जात भरले, तर वर्षाला छत्तीसशे वाचतील. वाचलेला रुपया हा मिळालेल्या रुपयाएवढाच गोल असतो. महागडे कर्ज फेडणे याहून किफायतीची गुंतवणूक आम्हांस या देशात ठाऊक नाही, आणि तिला ना दलाल लागतो ना फॉर्म. ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे त्याने आमच्या भाषणाचा पुढचा भाग ऐकून घ्यावा, पण वापरू नये. आधी हे करावे.

शिवाय सावकारीचा कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्रात 2014 सालचा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानेवाल्यालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर सालीना शेकडा 9 आणि बिनतारणीवर शेकडा 12 याहून अधिक घेता येत नाही, आणि व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नाही. आपली जुनी दामदुपटीची मर्यादा ती हीच. कर्जाच्या पोटी वावराचे खरेदीखत करून घेतले असेल, आणि आपल्या भागात हेच फार चालते, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे यवतमाळला अर्ज करता येतो. चौकशीत तो व्यवहार सावकारीचा ठरला तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा हुकूम ते करू शकतात. अशा अर्जाला पुरावा लागतो. म्हणून पैसा घेताना, देताना, तारीख आणि आकडा कोठेतरी लिहून ठेवा. हातउसन्याचा असला तरी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पूर्वी आपण शेटजी-भटजी म्हणून बोट दाखवीत असू. आजचा शेकडा पाचवाला पुष्कळदा आपल्यातलाच असतो. आपल्याच आळीत राहतो, आपल्याच पंक्तीला जेवतो, आणि पुढारी म्हणून फलकावर हात जोडून उभा असतो. तो बहुजन आहे म्हणून त्याचे व्याज बहुजन होत नाही.

दुसरे उत्तर असे. मृग लागतो तेव्हा बियाणे, खत, मजुरी सगळे एकदम लागते आणि घरात रोकड नसते. मग कृषी केंद्रातून उधारीवर पोती येतात. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे म्हातारी माणसे उगाच म्हणत नव्हती. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. वर कापूस त्याच माणसाला, तो म्हणेल त्या भावाने, खेडा खरेदीत घालण्याचे बंधन. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला. पण ज्याचा कापूस उधारीत अडकला तो खरेदी केंद्राच्या रांगेत उभा राहण्याइतकाही मोकळा नसतो. तेव्हा पहिली शिल्लक पडेल ती बियाण्याची म्हणून वेगळी बांधा. पंधरा-वीस हजार, जे जमेल ते, बँकेत किंवा पोस्टात, पेरणीपर्यंत हात न लावण्याच्या बोलीवर. एका वर्षी होणार नाही. बोंडअळीचे वर्ष आले तर तीन वर्षे होणार नाही. पण ज्या वर्षी होईल त्या वर्षी तुम्ही जूनमध्ये कोणाच्या ओट्यावर बसणार नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

कोणी म्हणेल, कापूसच साठवला तर? 2021-22 च्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला, आणि पुढच्या साली गावोगाव लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. माजघरात कापूस, देवघरात कापूस, लेकराबाळांच्या अंगाला खाज. भाव वाढेल, वाढेल म्हणत उन्हाळा आला आणि भाव सात हजारांकडे उतरला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली ही गत. घरातला कापूस हा आपला माल खरा, पण गरजेपलीकडे तो धरून बसणे हाही सट्टाच होय. आणि कापसाचा सट्टा भल्याभल्यांना पचलेला नाही. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, इकडचा भाव आकाशास भिडला आणि मुंबईत त्या पैशावर कंपन्यांच्या भागांचा असा बाजार तापला की ज्याला त्याला एका रात्रीत लक्षाधीश व्हायचे होते. 1865 त लढाई संपली. भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, खुद्द मुंबई बँक त्या धक्क्यातून उठली नाही.

आता पैसा वाढविण्याकडे येऊ. ज्याचे महागडे कर्ज फिटले, बियाण्याची रक्कम बांधली गेली, त्याने काय करावे?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते: वावर घ्यावे, नाहीतर सोने घ्यावे. दोन्ही वाईट नाहीत. सोने दहा ग्रॅमला 2000 साली साडेचार हजारांच्या आसपास होते, 2025 मध्ये लाखावर गेले. आणि अडचणीला बँकेत तारण ठेवता येते. वावराविषयी मात्र कास्तकाराला कोणी शहाणपण शिकवू नये, तरी एक म्हणतो. वावराचा एक तुकडा औषधपाण्यासाठी निम्म्या रात्री मोडता येत नाही. मोडला तर पडेल भावाने जातो. आणि आज्याचे वीस एकर नातवाच्या वाट्याला तीन-चार एकर येतात. कोरडवाहू वावरात आणखी कोरडवाहू वावर जोडण्यापेक्षा आहे त्यात विहीर, शेततळे, ठिबक यांत घातलेला पैसा अधिक देतो असे आमचे मत आहे. सुताराने, लोहाराने चांगले यंत्र घ्यावे, शिंपिणीने विजेची शिलाई घ्यावी. आपल्या धंद्यातले भांडवल हे पहिले भांडवल. कारण त्याचे बरेवाईट आपल्या डोळ्यांना कळते.

परंतु सगळे एकाच पावसावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. वावर, विहीर, बैलजोडी, सुताराचे गिऱ्हाईक, कुंभाराचे गिऱ्हाईक, ही सगळी एकाच आभाळाकडे पाहतात. कापूस गेला की सुताराचेही काम गेले. म्हणून घराचा थोडा तरी पैसा असा पाहिजे की ज्याला दारव्ह्याच्या पावसाशी देणेघेणे नाही.

यासाठी पोस्टाचा विचार प्रथम करावा. पब्लिक प्रॉव्हिडंट फंड म्हणून खाते असते, पीपीएफ म्हणतात. पंधरा वर्षांचे, वर्षाला निदान पाचशे भरावे लागतात. एप्रिल 2020 पासून त्यावर शेकडा 7.1 व्याज मिळत आले आहे आणि 2025 सालीही तेच होते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार येतात, ते ज्यांना येतात त्यांनी तेवढेच यात घातले असे धरा. व्याजदर तोच राहिला तर पंधरा वर्षांत 90,000 भरून 1 लाख 62 हजारांच्या वर होतात. न मोडता आणखी दहा वर्षे भरत गेले, तर एकूण दीड लाख भरून 4 लाख 12 हजार होतात. नीट पाहा: पहिल्या पंधरा वर्षांत जेवढे झाले त्याहून अधिक पुढच्या दहा वर्षांत वाढले. सवाईच्या खात्यात दहाव्या वर्षी सावकाराला जे होत होते तेच येथे पंचविसाव्या वर्षी तुम्हांला होते. गणित तेच आहे. खिंडार मात्र आपल्या वावराकडे वळले.

घरात दहा वर्षांच्या आतील मुलगी असेल तर 2015 साली निघालेले सुकन्या समृद्धी खाते याहून बरे. 2024 पासून त्यावर शेकडा 8.2 व्याज आहे. वर्षाला अडीचशेपासून भरता येते. पंधरा वर्षे भरायचे आणि एकविसाव्या वर्षी पुरे होते. दरसाल आरंभी बारा हजार भरले तर, दर तोच राहिल्यास, 1 लाख 80 हजारांचे सुमारे 5 लाख 74 हजार होतात. एक बारीक गोष्ट सांगतो, पोस्टातला बाबू आपण होऊन सांगत नाही. या दोन्ही खात्यांत महिन्याच्या पाच तारखेनंतर भरलेल्या पैशावर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. वर्षाचा भरणा एकदम करायचा असेल तर 5 एप्रिलच्या आत करा. कापसाची रोकड तोवर घरात टिकविणे, हेच खरे कठीण काम आहे.

हा पैसा मुलीच्या शिक्षणाचा आहे, मांडवाचा नाही, हेही येथेच सांगून टाकतो. सत्यशोधक समाजाने 1873 सालीच साध्या खर्चाचे, भटजीवाचून लग्न लावून दाखविले. त्या लग्नाचा आपण अभिमान सांगतो आणि मुलाचे लग्न निघाले की डीजे, सभागृह, हजार पाने, यांसाठी तीन लाख शेकडा तीनने उचलतो. महिन्याचे व्याजच नऊ हजार! नवरानवरी आयुष्यभर ज्यांच्या टाळ्यांचे व्याज भरतात ते पाहुणे दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी होते म्हणून सांगत फिरतात.

आता कंपन्यांच्या भागांची गोष्ट, म्हणजे शेअरांची. येथे आमचे पुष्कळ लोक कान बंद करितात. शेअर म्हणजे जुगार, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्यासाठी आम्ही याच गावातून गेलेल्या एका गाडीची आठवण काढतो. यवतमाळ ते मुर्तिजापूर ही लहान रुळांची शकुंतला गाडी दारव्ह्याहून जात असे. सुमारे 113 किलोमीटरचा तो मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी एका खाजगी कंपनीने घातला, आणि त्या कंपनीचा कारभार किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रजी पेढीकडे होता. मार्ग घालण्याचे कारण एकच: यवतमाळचा कापूस मुर्तिजापूरला मोठ्या गाडीवर चढावा आणि तेथून मुंबईस व विलायतेस जावा. 1921 साली मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन ती गाडी 1994 च्या एप्रिलपर्यंत ओढीत होते. देशातील बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हा मार्ग कित्येक दशके कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि भारतीय रेल्वे त्याबद्दल तिला पैसे मोजीत राहिली. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत उगवले.

त्या गाडीत कापूस कोणाचा होता? आपला. हमाल कोण होते? आपण. आणि भाग कोणाचे होते? ज्यांनी पऱ्हाटी कधी पाहिली नाही, वेचणीला बोटे सोलून घेतली नाहीत, अशा माणसांनी एकदा पैसा घातला आणि वर्षानुवर्षे त्याचा मोबदला त्यांच्या घरी चालत गेला. आपल्या आज्याला त्या दिवसाचा भाव मिळाला आणि संध्याकाळपर्यंत तो संपला. आम्हांस त्या भागवाल्यांचा राग येत नाही. राग याचा येतो की भाग म्हणजे काय, हेच आपल्याला शंभर वर्षे कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

आज ज्या कंपनीचे बियाणे, खत, साबण, मोबाईल आपण विकत घेतो, तिच्या नफ्यात आपला कवडीइतका तरी भाग का नसावा? तो घेण्यास लक्षाधीश असावे लागत नाही. म्युच्युअल फंड म्हणजे हजारो लोकांचा पैसा एकत्र करून अनेक कंपन्यांचे भाग घेणारी व्यवस्था. सेबी या सरकारी मंडळाची तिच्यावर देखरेख असते. त्यात इंडेक्स फंड म्हणून साधा प्रकार आहे. कोणती कंपनी चांगली हे ओळखण्याचा आव न आणता देशातील मोठ्या कंपन्यांचे भाग प्रमाणात घेऊन ठेवायचे, एवढेच त्याचे काम. महिन्याला पाचशेपासून घालता येतात. मुंबईच्या बाजाराचा सेन्सेक्स नावाचा आकडा 1979 साली शंभर धरला होता. सप्टेंबर 2024 मध्ये तो 85,000 वर गेला. हे ऐकून कोणी उद्याच बैल विकू नये. 2008 च्या जानेवारीत तो 21,000 होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 8,000 च्याही खाली गेला. 2020 त करोनाच्या वेळी दोन महिन्यांत 42,000 वरून 26,000 वर आला. ज्याला मधेच औषधाला किंवा पेरणीला पैसा काढावा लागला तो मेला. ज्याला पंधरा-वीस वर्षे हात लावण्याची गरज नव्हती तो तरला. म्हणून आमचे मत असे, की ज्याची बाकीची सोय झाली आहे त्यानेच, आणि आपल्या शिलकेच्या चौथाईपेक्षा जास्त नाही, इतके यात घालावे.

फंडाचे दोन प्रकार मिळतात, एक दलालामार्फत आणि एक थेट, ज्याला डायरेक्ट म्हणतात. दलालाचा मोबदला तुमच्याच पैशातून वर्षानुवर्षे कापला जातो. समजा एक लाख वीस वर्षे शेकडा 11 ने वाढले तर 8 लाख 6 हजार होतात, शेकडा 10 ने वाढले तर 6 लाख 73 हजार. एका टक्क्याने सव्वा लाखाहून अधिक खाल्ले! देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, असे सत्यशोधकांनी सांगितले. आपण आणि आपली ठेव यांच्यामध्ये तरी तो कशाला?

आमच्या तरुणांना मात्र एक कडक शब्द. मोबाईलवर ऑप्शन म्हणून जो खेळ चालतो तो गुंतवणूक नव्हे. सेबीने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन वर्षांत असा व्यवहार करणाऱ्या शंभरांतील त्र्याण्णव जणांना तोटा झाल्याचे दिसले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. टीप देणारा हा नवा पंचांगवाला आहे. जुना ग्रहदशा सांगून दक्षिणा घेई, हा आलेख दाखवून फी घेतो; ग्रह चुकले तर दोघांचेही काही जात नाही.

पैसा वाढतो की नाही याच्याआधी तो राहतो की नाही हे पाहावे. वर्षात दुप्पट, दीडपट म्हणणारा कोणीही असो, नात्यातला असो की जातीतला, त्याला हात जोडून वाटेला लावा. जमिनीचे तुकडे देतो म्हणून देशभर पैसा गोळा करणाऱ्या पीएसीएल या कंपनीला सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये 49,100 कोटी रुपये लोकांना परत करण्याचा हुकूम दिला; पैसा घातलेल्यांची संख्या पाच कोटींच्या वर होती, आणि त्यांतले पुष्कळ आपल्यासारख्याच खेड्यांतले.

बँकही डोळे मिटून धरू नये. यवतमाळची बाबाजी दाते महिला सहकारी बँक सर्वांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये तिच्यावर निर्बंध घातले आणि 2022 साली परवाना रद्द केला. तिच्या ठेवीदारांपैकी शेकडा 79 च्या आसपास लोक आपली पूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळण्यास पात्र होते, कारण बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी ते एकच लाख होते. ज्यांची ठेव पाच लाखांहून अधिक होती त्यांना वरच्या रकमेसाठी बँकेच्या मालमत्तेच्या वसुलीकडे डोळे लावून बसणे आले. यावरून दोन गोष्टी घ्या. एका बँकेत व्याजासह पाच लाखांच्या वर ठेवू नका. आणि पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवीला हा विमा लागू नाही. आपला पानवाला, न्हावी, भाजीवाली बाई रोज पिग्मीत पन्नास-शंभर घालतात ते बहुधा पतसंस्थेत. चांगल्या पतसंस्था आहेत, आम्ही नाही म्हणत नाही. पण जी बँकेपेक्षा दोन टक्के अधिक देते ती ते कोठून देते, हे सभासदाने सभेत उभे राहून विचारावे. चहा-चिवडा खाऊन हात वर करण्यासाठी सर्वसाधारण सभा नसते.

घर एका मृत्यूने, एका अपघाताने बसते, मग वीस वर्षांचे गणित कागदावरच राहते. बँकेतून वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा आणि 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. एवढे तरी प्रत्येक कर्त्या माणसाचे असावे. सुतारकाम, लोहारकाम, मजुरी करणाऱ्या तरुणांनी अटल पेन्शन घ्यावे. अठराव्या वर्षी सुरू केले तर महिना 210 रुपये भरून साठीनंतर महिना पाच हजार. तिसाव्या वर्षी सुरू केले तर त्याच पाच हजारांसाठी महिना 577. उशीर किती महाग पडतो ते या दोन आकड्यांत दिसते.

आता बायांविषयी. आठवड्याचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांचे कर्ज आज बायांच्या नावावर आहे, आणि सातबारा पुरुषांच्या नावावर. कर्ज तिच्या नावाने, मालमत्ता त्याच्या नावाने, हा कोठला न्याय? घरातील एक तरी मोठे खाते घरधनिणीच्या नावाने काढा, पासबुक तिच्या ताब्यात द्या, आणि प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लागले आहे का ते पासबुक उघडून आजच पाहा. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशातील सरकारी बँकांनी कोणी मागण्यास न आलेल्या ठेवींचे 35 हजार कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केले होते. त्यांतले कित्येक अशाच घरांचे असतील, जिथे नवरा गेला आणि खाते कोठे आहे हे बायकोला ठाऊक नव्हते.

सभा आटोपल्यावर शाळेतली वरच्या वर्गातली मुले ओसरीवर बसणार आहेत. त्यांच्याजवळ पोस्टाचे व विम्याचे कोरे फॉर्म आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म ती भरून देतील. आधार कार्ड आणि दोन फोटो बरोबर असू द्यावे. एकच अट आम्ही मुलांना घातली आहे. फॉर्म भरून झाला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्याला समजला असे त्याने म्हटल्यावर मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. कोणाला वेळ नसेल तर त्यांनी उद्या सकाळी यावे.